खुलासा: हॅझॉप म्हणजे चेकलिस्ट नव्हे

सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘हॅझॉप म्हणजे सेफ्टी ऑफिसरने एकट्याने भरायची चेकलिस्ट.’ तसं नाही. हॅझॉप (हॅझर्ड अँड ऑपरेबिलिटी स्टडी) म्हणजे प्लांटमधले धोके टीमने एकत्र बसून शोधायची पद्धत. चेकलिस्ट आधीच माहीत असलेले धोके विचारते. १९६० च्या दशकात आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीत आकाराला आलेली ही पद्धत न सुचलेले धोके शोधते.

ताजी पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणांचं ड्रॉइंग) समोर ठेवून प्लांटचे नोड, म्हणजे तपासायचे छोटे भाग, पाडायचे. (जुन्या ड्रॉइंगवर केलेलं हॅझॉप रद्दीत घाला.) समजा, नोड आहे रिॲक्टरच्या जॅकेटला (भोवतालच्या आवरणाला) जाणारी कूलिंग वॉटरची लाइन. ‘प्रवाह’ला ‘नाही’ हा गाइडवर्ड (बिघाड सुचवणारा ठरलेला शब्द) लावा. कारणं: पंप ट्रिप, व्हॉल्व्ह बंद, स्ट्रेनर (गाळणी) चोक; बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर हे शेवटचं आधी बघा. परिणाम: अभिक्रिया उष्णता सोडणारी असेल तर तापमान हाताबाहेर, दाब वाढून रप्चर डिस्क (जादा दाब सोडण्यासाठी फुटणारी चकती) फुटणार. मग असलेले बचाव मोजायचे, आणि गफलत इथेच होते. अलार्म आणि कंट्रोल एकाच सेन्सरवर असतील तर तो बिघडला की दोन्ही गेले. ते दोन बचाव धरता येत नाहीत.

पुढे ‘जास्त’, ‘कमी’, ‘उलट’.

टेबलाभोवती प्रोसेस, इन्स्ट्रुमेंट, मेंटेनन्सवाले हवेतच, शिवाय शिफ्टचा ऑपरेटरही. रात्री बायपास व्हॉल्व्ह कधी उघडावा लागतो, हे त्यालाच ठाऊक असतं.