परशाची गाडी आणि पाणंदीचा चढ

परशाच्या मागण्या तीन. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी, पेट्रोल कमी पिणारी, आणि त्याच्यासकट घरची पाच माणसं ऐसपैस बसतील अशी. बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या आमच्या कट्ट्यावर यावरून जी जुंपली, त्यातला कामाचा भाग शिव्या वगळून लिहून काढतोय.

"जिम्नी घे की गा," उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्यानं तोंड फोडलं. "फोर बाय फोर म्हणजे तीच."

"आणि आईला टपावर बसवू?"

जिम्नीत जागा चारच, आणि कंपनीचाच मायलेजचा आकडा सतराच्या आत. तो विषय तिथंच मिटला.

मग मेस्त्रीनं जे सांगितलं ते निम्म्या कट्ट्याला माहीत नव्हतं. जिम्नीचं किंवा थारचं फोर बाय फोर आपण लिव्हर ओढून लावायचं, तेही चिखलात. कोरड्या डांबरावर ते लावून गाडी वळवली की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात. मारुतीच्या ग्रँड व्हिटाराची ऑलग्रिप, म्हणजे तिचं चारही चाकांचं मॉडेल, आणि टोयोटाची तसलीच हायरायडर यांचं तसं नाही. एरवी पुढचीच चाकं ओढतात. ती घसरायला लागली की क्लच आपोआप पकडतो आणि मागच्या चाकांनाही जोर मिळतो. चिखलातल्यासाठी लॉकचं बटणही आहे. आधी हे मॅन्युअलमध्येच मिळायचं, 2025 पासून ऑटोमॅटिकमध्ये आलंय. वहिनी ऑटोमॅटिकच चालवतात, म्हणून परशाचे डोळे चमकले.

"मायलेज?" मास्तरांनी पेन काढलं. 2022 साली व्हिटारा आली तेव्हाचे कंपनीचे आकडे: साधी मॅन्युअल 21.11, ऑलग्रिप 19.38 आणि स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोलच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली, 27.97, सगळे लिटरला किलोमीटर. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले तर साधीपेक्षा ऑलग्रिपला लागतं जेमतेम पन्नास लिटर जास्त. हायब्रिड मात्र ऑलग्रिपपेक्षा एकशे नव्वद लिटर वाचवते. रस्त्यावर सगळेच आकडे खाली येतात, पण फरक साधारण असाच.

"मग हायब्रिडच चारही चाकांची घेतो."

"मिळत नाही. या दोन्ही गाड्यांत हायब्रिडला पुढचीच चाकं. वर बॅटरी डिकीतली जागा खाते."

मला विचाराल तर खरा प्रश्न पेट्रोलचा नाहीच. पन्नास लिटर म्हणजे वर्षाला पाचेक हजार. भुर्दंड दुसरीकडं आहे. ऑलग्रिप मिळते ती वरच्या मॉडेलात, म्हणजे नको असलेल्या पाच गोष्टींचेही पैसे मोजायचे. त्यावर कर्नाटकचा आजीवन कर, दहा ते वीस लाखांच्या गाडीला सतरा टक्के. पंधरा लाखांवर अडीच लाखांच्या पुढं!

"चंदगडात सासुरवाडीच्या पत्त्यावर घे," फौंड्रीवाला. "कोल्हापूरचा नंबर, एमएच नऊ. बेळगाव महाराष्ट्रात जाईल तेव्हा जाईल, गाडी तर आधी धाडूया."

सगळे हसले, वकील सोडून. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो आणि इथला कर चुकत नाही, असं त्यांनी कोर्टातल्या आवाजात ऐकवलं.

मध्येच ई-ट्वेंटीचा, म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा विषय निघाला. इथेनॉलची ताकद लिटरमागं पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी, ते वीस टक्के मिसळलं की मायलेज थोडं उतरणारच. चिकोडीकडचा ऊसवाला यावर खूप बोलायलाला. "तुझाच ऊस आमचं मायलेज खातोय मर्दा," म्हटल्यावर गप्प झाला.

परशाचं मुख्य म्हणणं गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाचं. पणजीला वर्षातनं चार खेपा, कणकुंबीचा पाऊस, घाटातली वळणं. चारही चाकं धरून राहिली म्हणजे जिवाला घोर नाही. इथं मेस्त्री पहिल्यांदा तापला.

"अरे, उतारावर तुला थांबायचं असतंय का ओढायचं? ब्रेक साध्या गाडीलाबी चारी चाकांना असतात. टायर गुळगुळीत असला तर लाखाची ऑलग्रिपबी सरळ दरीत. आन् टायर बदलायचं झालं तर चारी एकदम बदल, एक नवा तीन जुने असं चालत नाही तिला."

ही गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. चारही चाकांचा जोर गाडी सुटायला, चढायला कामाचा, थांबायला नाही. चोर्ल्यासाठी चांगले टायर आणि सावकाश पाय पुरतो. डांबर सोडून लाल मातीच्या चढावर रोज जायचं असेल, तर मात्र ऑलग्रिपचे पैसे वसूल.

म्हणून मी परशाला विचारलं, "तुझ्या गावात असा चढ कुठं आहे?"

आहे. जांबोटीच्या अलीकडं, रस्त्यापासून घरापर्यंतची पाणंद. ट्रॅक्टरनं मध्ये उंचवटा केलेला, जूनमध्ये नुसता रबरबाट.

"मग पावसात किती वेळा चढतोस?"

"आईला मिरगालाच खाली आणतो की. दसऱ्यापर्यंत आमच्याकडंच असते."

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मेस्त्री म्हणाला, "मग साधी घे, आन् उरलेल्या पैशात पाणंदीला मुरूम टाकून घे."

"टाकलो असतो वो," परशा म्हणाला, "पण मग आमचे भाऊबंदबी त्यावरनंच जाणार की!"