टी-शर्टचे लेबल आणि छातीठोक तारखा

जहाजावर नोकरी केलेल्या किंवा आखातात राहून आलेल्या माणसांच्या घरी, हर्णैपासून मालवणपर्यंत कुठेही, माळ्यावरच्या पेटीत परदेशी टी-शर्ट सापडतात. अशा कपड्यांना 'विंटेज' म्हणून किंमत येऊ लागल्यापासून गळ्यामागचे लेबल पाहून 'हा सत्तरच्या दशकातला' असे सांगणारे जाणकारही वाढले आहेत. माझे मत असे की, लेबलावरून बहुधा एवढेच ठरते की हा कपडा अमुक वर्षाच्या आधीचा नाही, आणि विकणाऱ्याने त्याहून अधिक दावा करू नये.

लोक ज्या खुणांवर विसंबतात त्या बहुतेक अमेरिकन कायद्यातून आल्या आहेत. कापडात कोणता धागा किती टक्के आहे हे लिहिणे तिथे मार्च १९६० पासून बंधनकारक झाले, तर कपडा कसा धुवावा याच्या सूचना शिवून लावणे जुलै १९७२ पासून. शब्दांऐवजी नुसती चिन्हे वापरण्याची मुभा १९९७ मध्ये मिळाली. कपडा कोणत्या देशात तयार झाला हे अमेरिकन मालावरही लिहिलेच पाहिजे, असा नियम १९८४ च्या अखेरीस लागू झाला. मात्र त्याआधीही अनेक कंपन्या ते आपखुशीने लिहीत असत, त्यामुळे 'मेड इन यूएसए' दिसले म्हणून कपडा १९८४ नंतरचाच, असे म्हणता येत नाही.

पण हे नियम अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मालासाठी होते. आपल्याकडच्या पेट्यांतले कितीतरी टी-शर्ट दुबईच्या बाजारातून किंवा युरोपातल्या बंदरांवरून आलेले असतात, आणि युरोपात धुण्याची चिन्हे वापरण्याची पद्धत १९६० च्या दशकातच सुरू झाली होती. अशा कपड्यावर नुसती चिन्हे पाहून तो १९९७ नंतरचा ठरवणे म्हणजे रत्नागिरीची भरती-ओहोटी न्यूयॉर्कच्या कोष्टकावरून काढण्यासारखे आहे. त्यामुळे लेबल वाचण्याआधी घरातल्या मोठ्यांना कपडा कोणी, कुठून आणला हे विचारावे. आपल्याकडे ती माहिती अजून मिळू शकते, पण ती विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

'आरएन' क्रमांकाचे, म्हणजे अमेरिकन सरकार कपड्यांच्या कंपनीला देते त्या आणि लेबलावर छापल्या जाणाऱ्या नोंदणी क्रमांकाचे, प्रकरण तर याहून गंमतीचे आहे. त्या क्रमांकातून १३६७० वजा करा, २६३५ ने भागा आणि १९५९ मिळवा, की वर्ष मिळाले, असे एक गणित सर्रास फिरते. त्यातून निघालेच तर त्या कंपनीच्या नोंदणीचे ढोबळ वर्ष निघते. एकदा मिळालेला क्रमांक कंपनी पुढे कितीही दशके वापरू शकते, मग त्यावरून अंगातल्या कपड्याचे वय कसे निघावे? 'डब्ल्यूपीएल' हा त्याच प्रकारचा जुना नोंदणी क्रमांक देणे १९५९ मध्ये थांबले, पण आधी मिळालेले क्रमांक त्यानंतरही वापरात राहिले, म्हणून तिथेही हाच घोटाळा होतो.

भारतीय लेबलावर पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचे नाही, हे मात्र पक्के. 'बॉम्बे' या नावावरून १९९५ पूर्वीचा काळ धरताना जरा जपून, कारण अनेक धंद्यांनी नावातले 'बॉम्बे' पुढेही ठेवले.

लेबल विटले, पिवळे पडले, हा तर पुरावाच नव्हे. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत छापील लेबलाची अक्षरे लवकर पुसट होतात आणि विणलेले लेबल त्या मानाने टिकते, त्यामुळे नव्या कपड्याचे लेबल जुन्याहून म्हातारे दिसू शकते. बाही आणि खालच्या दुमडीवरची एकेरी शिलाई, जी अमेरिकन टी-शर्टांवर १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्रास आढळते, ती लेबलाच्या जोडीला जरूर तपासावी. फक्त ती गावातल्या शिंप्याने नंतर घातलेली नाही ना, हे पाहावे. चित्राखाली छापलेले स्वामित्वहक्काचे वर्ष चित्राचे असते, आणि तेच चित्र पुढे कितीही वर्षे छापले जाऊ शकते.

जाहिरातीत 'सत्तरचे दशक' असे लिहिण्यापेक्षा लेबलाच्या दोन्ही बाजूंचे, आतल्या शिवणीचे आणि दुमडीचे स्पष्ट फोटो टाकून '१९७२ नंतरचा' एवढेच लिहिले, तर निदान मी तरी त्या विक्रेत्याला दोन पैसे जास्त देईन.