चकाकी बघून गिटार घेणाऱ्यांनो

स्वस्त अकूस्टिक गिटार घेताना सगळे रंग, चकाकी आणि फुकटची बॅग बघतात. अरे, आधी बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, जाड तारेखालची उंची मोजा! अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक. 4 असेल तर बोटं सोलून निघतील. मग पहिल्या फ्रेटवर तारा दाबून धरायच्या स्वरसमूहाचं रडगाणं, ‘एफ कॉर्ड जमतच नाही.’ जमेल कशी? नटच्या, म्हणजे दांडीच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उथळ, त्यामुळे पहिल्याच फ्रेटवर तार जास्त दाबावी लागते आणि सूर चढतो. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर, जुळतो का, एवढं तरी बघा. आणि नुसतं ‘स्प्रूस टॉप’ (वरची फळी स्प्रूस लाकडाची) लिहिलं म्हणजे अखंड लाकूड नव्हे! प्लाय असेल तर साउंडहोलच्या, म्हणजे मधल्या गोल भोकाच्या, कडेला त्याचे थर बहुधा दिसतातच. प्लाय एक वेळ चालतो. पिळलेला नेक, म्हणजे दांडी, आतल्या साध्या ट्रस रॉडने (सळईने) सरळ होत नाही.