गिरणीत घर थाटताना

लोअर परळला जुन्या गिरणीच्या इमारतीत लॉफ्ट घेतलात? अभिनंदन. आता पहिलं काम, भिंती सोलून काढा. गवंडी कुरकुर करेल, ‘साहेब, चुन्याचा गिलावा आहे म्हणून वीट इतके पावसाळे टिकली.’ त्याला इंडस्ट्रियल लुक काय कळणार! गिलावा खरवडा आणि उघड्या विटेवर चकचकीत सीलर मारा. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सीलर ती आत कोंडतो. मग लोणा फुटेल, विटेचा लाल भुगा गालिच्यावर पडेल. पडू द्या. तो पाडायचे डिझायनर वेगळे पैसे घेतात.

छप्पर मात्र राखा. करवतीच्या दात्यांसारखं, काचा उत्तरेला. थेट ऊन न येता सारखा उजेड पडावा, साच्यावर (म्हणजे मागावर) तुटलेला धागा चटकन दिसावा, यासाठीची ती सोय. तुम्ही तिथे रिमोटचे पडदे लावा. मुंबईच्या दमट हवेत सूत कमी तुटतं, म्हणून गिरणीवाल्यांना ही हवा मानवली. तुम्ही तीच हवा सुकवायला कोपऱ्याकोपऱ्यात यंत्रं ठेवा.

टीपॉयवर धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा, हवाच. जवळपास हातभर लांब, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण, पोटात कांडीची खाच, हात लागून लागून तुकतुकीत झालेला. चोरबाजारात शोधा. बाजूला बारीक भोक दिसेल. जुन्या धोट्यांत त्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागत. ही माहिती पाहुण्यांना जेवणानंतर द्या.

गिरणीच पाडून टाकली असेल (बहुतेक ठिकाणी पाडलीच आहे), तरी हिरमुसू नका. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात पाडलेल्या इमारतींचं जुनं सागवान मिळतं. चाळीतल्या ज्या तुळईखाली कामगार पाळीपाळीने झोपत, तिच्यावर आठ जणांचं डायनिंग टेबल ऐसपैस होतं.

मोकळी जागा किती ठेवायची, याला सरकारी आदर्श आहे. १९९१च्या नियमात गिरणीच्या जमिनीच्या तीन वाटण्या होत्या: पालिका, म्हाडा आणि मालक. २००१च्या दुरुस्तीने वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेची उरली. तेव्हा जागा मोजण्याआधी मोकळं कशाला म्हणायचं, ते ठरवून घ्या.

भिंतीवर एखादा कृष्णधवल फोटो शोभेल. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपाचा नको. अडीच लाख माणसांनी मिनिमल लुक बिघडतो. रिकाम्या साचेखात्याचा लावा.

दाराच्या बेलला भोंग्याचा आवाज छान वाटेल. पण सोसायटीची एनओसी घ्या. पहिल्या पाळीला इथून आता कुणी जात नाही, सकाळी सातला भोंगा वाजला तर शेजारचे थेट पोलिसांना फोन करतील.