मालदीव, १५ जुलै २०२० आणि ताप लपवणारा माझा रूममेट

परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी मला तोंडावर विचारलं, "तुमच्या त्या मालदीवनं कोविडच्या साथीत पर्यटकांना दार उघडून, डॉलरसाठी स्वतःच्याच माणसांचे जीव टांगणीला लावले की नाही?" मी तेव्हा काहीतरी अर्धवट उत्तर दिलं. दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट लांबणार आहे.

कोविडचा जवळपास सगळा काळ मी मालदीवच्या रा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचा समूह) एका रिसॉर्टवर काढला. कामाला स्टोअर्समध्ये होतो. बेटावर येणारं सगळं, म्हणजे साबणापासून सामन माशापर्यंत, माझ्या रजिस्टरमधून जायचं. त्यामुळे बेट बंद पडतं म्हणजे काय होतं आणि पुन्हा उघडतं म्हणजे काय होतं, हे मी माल मोजता मोजता बघितलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मालदीवनं परदेशी पाहुण्यांना दार उघडलं ते बरोबर केलं. आजही मी त्याच मताचा आहे. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मला त्या गृहस्थांच्या तक्रारीपेक्षा जास्त गंभीर वाटते.

७ मार्च २०२० ला देशातले पहिले रुग्ण सापडले ते कुरेदू रिसॉर्टवर. तिथे राहून गेलेला एक इटालियन पर्यटक मायदेशी पोचल्यावर पॉझिटिव्ह निघाला आणि त्याच्यामागे रिसॉर्टवरचे दोन कर्मचारी. महिना संपायच्या आत पर्यटकांचा व्हिसा बंद झाला. आमच्याकडचे शेवटचे पाहुणे गेले, त्या दिवशी माझ्या कोल्ड रूममध्ये अडीचशे माणसांना तीन आठवडे पुरेल एवढा माल होता. स्ट्रॉबेरी, चीज, सामन, सगळं तारखेला बांधलेलं. पहिले पंधरा दिवस आमच्या स्टाफ कॅन्टीनमध्ये तेच वाढलं, कारण नाहीतर ते फेकावं लागलं असतं. मग भात, डाळ आणि ट्यूना. मग आठवड्याला दोनदा येणारी मालाची धोणी (तिथली बोट) दहा-बारा दिवसांनी एकदा यायला लागली.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट माहीत नसते. तिथल्या नोकरीत मूळ पगार हा निम्माच हिशोब. पाहुण्याच्या बिलावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लागतो आणि तो महिनाअखेरीला स्टाफमध्ये वाटला जातो. सीझनमध्ये कित्येकांच्या हातात तो मूळ पगारापेक्षा जास्त पडायचा. घरी पाठवायचा पैसा तोच. बेट रिकामं झालं की तो शून्य. एप्रिलमध्ये आमचा मूळ पगारही निम्म्यावर आला आणि बऱ्याच जणांना बिनपगारी रजेवर बसवलं. बसवलं म्हणजे तिथेच, बेटावर. विमानं बंद होती, जाणार कुठे?

मे महिन्यात आपल्या नौदलाचं जलाश्व जहाज राजधानी मालेहून ६९८ भारतीयांना घेऊन कोचीला गेलं. मला जाता आलं असतं. मी नाव दिलं नाही. एकदा गेलो की हे लोक परत बोलावतील की नाही याची खात्री नव्हती आणि माझ्या पगारावर घरचे चार जण होते. म्हणून कोणी जेव्हा सहज म्हणतं की "सहा-आठ महिने बंद ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं", तेव्हा मला राहवत नाही.

देशाचाच हिशोब बघा. बाराशेच्या आसपास बेटं, त्यातल्या दोनशेच्याही आत बेटांवर स्थानिक वस्ती. परदेशी कामगार धरून लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात. तांदूळ, कांदा, पीठ, औषधं, सिमेंट, सगळं बोटीनं येतं आणि त्याचं बिल डॉलरमध्ये असतं. वीज डिझेलच्या जनरेटरवर. मालेमध्ये नळाला येणारं पाणीसुद्धा समुद्राचं खारं पाणी विजेवर गोडं केलेलं. म्हणजे डॉलर आटला तर फक्त हॉटेलवाला बुडत नाही, नळाचं पाणीही महाग होतं. २०१९ मध्ये १७ लाख पर्यटक आले होते. २०२० मध्ये साडेपाच लाखांच्या आसपास, तेही बहुतेक सुरुवातीच्या आणि शेवटच्या महिन्यांत. त्या एका वर्षात देशाची अर्थव्यवस्था जवळजवळ एक तृतीयांशानं आकसली. मासेमारी आहे, पण ट्यूनाच्या जोरावर अख्खा देश किती दिवस तग धरणार? ज्यांच्याकडे शेती आहे, कारखाने आहेत, स्वतःचं धान्य आहे, अशा देशात बसून या लोकांना "थांबायला हवं होतं" म्हणणं मला पटत नाही.

तर १५ जुलै २०२० ला दार उघडलं. सक्तीचं विलगीकरण नाही, ३० दिवसांचा व्हिसा विमानतळावरच मोफत, आणि सुरुवातीला कोविडची पीसीआर चाचणीसुद्धा नाही. हे शेवटचं मात्र मला तेव्हाही चुकीचं वाटलं आणि आजही वाटतं. १० सप्टेंबरपासून निगेटिव्ह रिपोर्ट सक्तीचा झाला. तो पहिल्या दिवसापासून मागता आला असता. जो माणूस एका रात्रीच्या व्हिलासाठी शेकड्यानं डॉलर मोजतो, तो एका चाचणीच्या खर्चासाठी यायचा थांबला नसता.

आमचं रिसॉर्ट ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. पहिलं सीप्लेन आलं तेव्हा जेट्टीवर आम्ही साठ-सत्तर जण मास्क लावून उभे होतो. उतरले दोघं. एक वयस्क जोडपं. लगेजवाल्या पोरानं त्यांच्या बॅगा जंतुनाशकानं पुसल्या आणि ते दोघं तिथेच उभे राहून आमच्याकडे बघत राहिले. त्या बाई रडायला लागल्या. का, ते मला नीट सांगता येणार नाही. पण माझ्या शेजारी उभी असलेली हाऊसकीपिंगची मुलगीही रडत होती, आणि तिचं कारण मला माहीत होतं. सहा महिन्यांत तिनं घरी एक रुफियाही (मालदीवचं चलन) पाठवलेला नव्हता.

मालदीवचं नशीब असं की तिथे १९७२ पासून, पहिलं रिसॉर्ट झालं तेव्हापासून, एका बेटावर एकच रिसॉर्ट ही पद्धत रुजलेली. पाहुणा विमानतळावरून थेट बोटीत किंवा सीप्लेनमध्ये बसतो आणि आठवडाभर एका बेटाबाहेर पडत नाही. साथीच्या काळात याहून सोयीची रचना मिळणं कठीण. आणि ती चालली. आमच्या बेटावर वर्षभरात पॉझिटिव्ह निघालेले पाहुणे हातांच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

मग आजार कुठे होता? मालेमध्ये. जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं बेट आणि त्यावर लाखाच्या वर माणसं. एकेका खोलीत दहा-बारा कामगार, पलंग पाळीपाळीनं वापरायचे, दिवसा एकाचा आणि रात्री दुसऱ्याचा. एप्रिल २०२० च्या मध्याला माले शहरात पहिला रुग्ण सापडला आणि मग या खोल्यांमध्ये आजार शिरला तो शिरलाच. यातले बहुतेक बांगलादेशी. नोकरी गेलेल्या मालदीवच्या नागरिकांना सरकारनं महिन्याला ५,००० रुफियापर्यंत मदत दिली आणि ती चांगलीच गोष्ट केली. पण या परदेशी मजुरांना त्यातलं काही नव्हतं. ज्यांनी ती रिसॉर्टं बांधली, धुतली, झाडली, त्यांचा हिशोब कुठल्याच तक्त्यात नव्हता.

आता रूममेटबद्दल. तो बांगलादेशातल्या कोमिल्ल्याचा. आमच्या लाँड्रीत कामाला होता, म्हणजे रोज सगळ्या व्हिलांच्या चादरी आणि टॉवेल त्याच्या हाताखालून जायचे. जानेवारी २०२१ मध्ये एका रात्री मला जाग आली, तर तो पलंगावर बसून थरथरत होता. मी दिवा लावायला गेलो तर म्हणाला, "दादा, दिवा नको." माझ्याकडे पॅरासिटामॉलची स्ट्रिप होती, ती त्यानं मागून घेतली. सकाळी अंघोळ करून कामावर गेला. दारात ताप मोजायचे तेव्हा गोळीमुळे अंग थंडच होतं.

मला कळत होतं. तरीही त्या दिवशी मी गप्प बसलो. कारण मला नियम माहीत होता. आयसोलेशनमध्ये गेलेल्या माणसाचे ते १४ दिवस आमच्याकडे बिनपगारी धरायचे, सर्व्हिस चार्जमधूनही त्याचा वाटा कापायचे. बोटी आत्ता कुठे भरून यायला लागल्या होत्या. त्याच्या घरी दोन मुली, त्यातल्या धाकटीला त्यानं अजून बघितलंही नव्हतं.

दुसऱ्या रात्री मी त्याला समजावलं आणि सकाळी आम्ही दोघं मिळून क्लिनिकमध्ये गेलो. तो पॉझिटिव्ह, लाँड्रीतले आणखी चार जण पॉझिटिव्ह. मी सुटलो, कसा ते देव जाणे. पाचही जणांचे १४ दिवस कापले गेले.

माझी तक्रार ती हीच. पाहुण्याच्या पीसीआरवर, सीप्लेनमधल्या मास्कवर, व्हिलाच्या दाराला लावायच्या "सॅनिटाइझ्ड" स्टिकरवर केवढा खल झाला! ते स्टिकर मी स्वतः पेटीतून मोजून दिलेत. आणि लाँड्रीतल्या माणसाला ताप आला तर त्यानं तो सांगावा की लपवावा, हे मात्र पगाराच्या एका ओळीवर सोडलं. दोन महिन्यांनी आमच्याकडचा नियम बदलला, आयसोलेशनचा पूर्ण पगार द्यायला लागले. तेव्हापासून लोक नुसता घसा दुखला तरी आपणहून क्लिनिकच्या रांगेत उभे राहायला लागले. माणसं तीच होती.

गेस्टहाऊसवाल्यांचं दुःख वेगळं. २००९-१० नंतर स्थानिक वस्तीच्या बेटांवर छोट्या गेस्टहाऊसना परवानगी मिळाली आणि माफुशीसारखी बेटं त्यावर उभी राहिली. कर्ज काढून सहा-आठ खोल्या बांधलेली घरंच्या घरं. त्यांना १५ ऑक्टोबरपर्यंत थांबवलं, रिसॉर्टांना मात्र तीन महिने आधी मोकळीक. "श्रीमंतांना दार आधी" असं तेव्हा सगळे म्हणत होते. मला ते थांबवणं योग्य वाटतं, कारण तिथे पाहुणा ज्या गल्लीत राहतो त्याच गल्लीत मशीद, शाळा आणि एखादं छोटं आरोग्य केंद्र. गंभीर आजारी माणसाला मालेच्या इंदिरा गांधी मेमोरियल हॉस्पिटलला न्यायचं तर बोटीचे तास मोजावे लागतात. एरवी मोठ्या उपचारांसाठी मालदीवची माणसं तिरुअनंतपुरमला जातात, तो रस्ताही तेव्हा बंद होता. पण ज्यांना सगळ्यांच्या भल्यासाठी थांबवलं, त्यांचे त्या तीन महिन्यांचे हप्ते सगळ्यांनी मिळून भरायला हवे होते. हप्ता पुढे ढकलणं म्हणजे भरणं नव्हे.

लशीच्या बाबतीत मात्र या देशाला मी मनापासून मानतो. २० जानेवारी २०२१ ला भारतानं कोविशील्डचे एक लाख डोस पाठवले, फेब्रुवारीत लसीकरण सुरू झालं आणि पर्यटनातल्या कामगारांना अग्रक्रम मिळाला. परदेशी कामगारांनाही मोफत. रांगेत माझ्यापुढे मालदीवचा मॅनेजर होता आणि मागे नेपाळी माळी. तिथे पहिल्यांदा मला वाटलं की आता आमचीही मोजणी झाली.

तरीही मे २०२१ मध्ये लाट आलीच. दिवसाला दीड हजाराच्या वर रुग्ण, एवढ्याशा लोकसंख्येत. माले परिसरात संचारबंदी. १३ मेपासून भारतासकट दक्षिण आशियातल्या पर्यटकांना बंदी. पुष्कळांनी लगेच पर्यटकांकडे बोट दाखवलं. पण त्या आधीचा महिना आठवा. १० एप्रिलच्या स्थानिक निवडणुकांचा प्रचार, रमझानमधल्या गाठीभेटी, वर विषाणूचं नवं रूप आणि पुन्हा त्याच गच्च खोल्या. रिसॉर्टं चालू राहिली आणि आजार गावात भडकला. यातून पाहुणे निर्दोष ठरतात असं मी म्हणत नाही, विषाणू शेवटी बाहेरूनच आला. पण दार पुन्हा बंद करून त्या खोल्या काही रिकाम्या झाल्या नसत्या.

थायलंडनं १ जुलै २०२१ ला फुकेत उघडलं तेव्हा आधी बेटावरच्या ७० टक्के लोकांना लस द्यायची असं ठरवून उघडलं. पाहुणा लस घेतलेला हवा आणि त्यानं १४ दिवस बेटावरच राहायचं. हा क्रम मला जास्त शहाणपणाचा वाटतो. अर्थात मालदीवनं उघडलं तेव्हा लसच नव्हती, त्यामुळे ही तुलना पूर्ण न्यायाची नाही. पण जुलै २०२० मध्येही हातात होत्या अशा गोष्टी होत्या. आजारी पडणाऱ्याचा पगार चालू ठेवणं. मालेमध्ये रिकामी पडलेली हॉटेलं दाटीतल्या मजुरांसाठी भाड्यानं घेणं. स्टाफ क्वार्टरमध्ये एका खोलीत चौघांऐवजी दोघं, जेव्हा अर्धं बेट रिकामंच होतं. रिसॉर्ट उघडण्याचा परवाना द्यायच्या आधी या तीन गोष्टी तपासल्या असत्या, तर मी त्या गृहस्थांना उत्तर देताना अडखळलो नसतो.

माझा रूममेट नोव्हेंबर २०२१ मध्ये सुट्टीवर घरी गेला, सव्वीस महिन्यांनी. परतीचं सामान घेऊन मालाच्या धोणीवरच चढला, कांद्याच्या रिकाम्या क्रेट्सच्या बाजूला जागा करून. निघायच्या आधी त्यानं पाकिटातून जानेवारीच्या पगाराची घडी घातलेली स्लिप काढली आणि मला विचारलं की नियम बदललाय, तर हे १४ दिवसांचे आता मिळतील का. मी एचआरकडे चौकशी केलेली होती. नवा नियम मागच्या तारखेपासून लागू नव्हता. मी त्याला तसं सांगितलं. त्यानं स्लिप पुन्हा तशीच घडी करून पाकिटात ठेवली.