बोटं आळशी म्हणे!

‘एक जाणकार’ यांस,

नवशिक्यांनी गिटार सोपी कशी करून घ्यावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं चार वाक्यांचं: सी कॉर्डची (एकदम वाजवायच्या सुरांच्या जुळणीची) आकृती चुकलीय, एका बोटाचा कॉर्ड म्हणजे गिटार नव्हे, असल्या शॉर्टकटनं पोरांची बोटं आळशी होतात, आणि पुढे बार कॉर्ड (एक बोट आडवं टाकून तारा दाबायचा) आला की ही मंडळी अडकणार. शेवटी तीन उद्गारचिन्हं.

आकृतीचं मान्य. टिंब तिसऱ्या तारेवर पडलं होतं, ते दुसऱ्या तारेवर, पहिल्या फ्रेटला (गळ्यावरच्या आडव्या पट्टीला) हवं. दुरुस्त केलं, आभार. ‘आधी स्वतः शिका’ हे शेपूट न जोडताही एवढं सांगता आलं असतं.

आता ‘आळशी’. हा शब्द झोंबला, कारण तो मी चौदाव्या वर्षी ऐकलाय. सांगलीत विश्रामबागला एका क्लासला जायचो. गिटार सेकंडहँड, बाराव्या फ्रेटपाशी तारा चांगल्या चार मिलिमीटर वर. एफ हा बार कॉर्ड धरला की तर्जनीवर तारांचे वळ उठायचे आणि आवाज यायचा नुसता ठप्प ठप्प. सर म्हणायचे, आळशी आहेस. तीन महिन्यांत गिटार माळ्यावर गेली, ती आठ वर्षं तिथेच.

ती खाली आली मिरजेमुळे. मामांच्या तंबोऱ्याची जवारी (तारा टेकतात ती घोडी घासून नाद खुलवणं) करून घ्यायला सतारमेकर गल्लीत निघालो होतो, सहज गिटारही घेतली. कारागिरानं तारांवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, “हे वाजवायला केलंय की शिक्षा द्यायला?” तारा उतरवल्या, घोडीवरची हाडाची पट्टी उपसून खालच्या अंगानं कानशीनं दोन मिलिमीटर घासली. बाराव्या फ्रेटला त्याच्या निम्मा फरक पडतो, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. वर बारा नंबरच्या जागी दहाच्या बारीक तारा. त्या संध्याकाळी एफच्या पाच तारा स्वच्छ वाजल्या, सहावी भुणभुणत होती. बोटं माझीच होती हो, तीच! मग आळशी कोण?

आमच्याकडे तंबोऱ्याच्या तारेखाली नाद खुलावा म्हणून सुताचा दोरा सरकवतात, त्याला कुणी शॉर्टकट म्हणत नाही. गिटार दोन सेमीटोन (अर्धे सूर) खाली लावली की तारांचा ताण साधारण 20 टक्क्यांनी उतरतो. मग दुसऱ्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा: सूर मूळ जागी येतात, फ्रेटही जवळजवळ येतात. यात लबाडी कुठली? पण नाही, तुमच्या मते बोटांतून रक्त आल्याशिवाय विद्या येत नाही. तुमच्यासारख्यांनीच किती गिटारी माळ्यावर पाठवल्या असतील, देव जाणे.

एका बोटाच्या सी कॉर्डमध्ये बारीक तीन तारांवर प, सा, ग वाजतात. कॉर्डला आणखी काय लागतं, ते जाणकारांनीच सांगावं.

बार कॉर्डचं नंतर बघू. माझ्याकडची पोरं तिथवर पोचतात तरी.

आणि पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावानं लिहा. टोपणनावाला मी एकदाच उत्तर देतो, ते देऊन झालं.