मला नको, असं ती मुलं कुणाला सांगणार?

जीन एडिटिंगचा, म्हणजे जनुकांत मुद्दाम बदल करण्याचा, विषय निघाला की गाडी लगेच 'डिझायनर बेबी'वर जाते. उंची, डोळ्यांचा रंग, बुद्धी. (बुद्धीशी शेकडो जनुकांचा थोडाथोडा संबंध असतो, त्यामुळे ते दुकान इतक्यात काही उघडत नाही.) मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

२०१८ मध्ये चीनमधल्या हे जियानकुई नावाच्या संशोधकानं क्रिस्पर हे जनुक कापून बदलायचं तंत्र वापरून बदललेल्या भ्रूणांतून जुळ्या मुली जन्माला आल्याचं जाहीर केलं. वडील एचआयव्हीबाधित, म्हणून एचआयव्हीला पेशीत शिरायला लागणारं सीसीआर५ हे जनुक निकामी करायचं. पण बापाकडून होणारी लागण टाळायला शुक्राणू धुऊन घेण्याची पद्धत आधीपासून आहे, आणि याच प्रयोगात ती वापरलीही होती! मग जनुकाला हात लावायची गरज काय होती? बरं, काही लोकांत निसर्गतः जो बदल सापडतो, तो झालाच नाही. झाले ते भलतेच, कुणावर कधी न तपासलेले. आणि सीसीआर५ नसेल तर वेस्ट नाईल विषाणूचा आजार जास्त बळावू शकतो, हे आधीच माहीत होतं. आईबापांच्या सह्या घेतलेल्या संमतीपत्रात याला एड्सची लस म्हटलं होतं. २०१९ मध्ये त्याला ३ वर्षांची शिक्षा झाली.

त्याची शिक्षा संपली. मुलींचं काय?

औषधाच्या चाचणीत भाग घेतलेला माणूस कधीही 'मला नको' म्हणून बाहेर पडू शकतो. या मुलींच्या अंगातच प्रयोग आहे. काही बिघडलंय का हे कळायला जन्मभर तपासण्या हव्यात. उद्या सज्ञान झाल्यावर त्या म्हणाल्या, रक्त देणार नाही, तर? पुढे त्यांच्या मुलाबाळांनाही सुया टोचत बसायचं?

सरसकट विरोध नाही माझा. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरचा कॅसजेवी हा जीन एडिटिंगचा उपचार २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. त्यात रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून, बदलून परत देतात. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, हा अन्याय आहेच. पण तिथं सही रुग्णाची किंवा त्याच्या पालकांची असते, आणि तो बदल पुढच्या पिढीत जात नाही.

आनुवंशिक आजार असलेल्या बहुतेक जोडप्यांना भ्रूण तपासून निरोगी भ्रूण निवडता येतो. उरतात ती मोजकी, ज्यांचा एकही भ्रूण आजारातून सुटणार नाही. त्यांना 'दत्तक घ्या' म्हणणं बाहेरच्याला सोपं असतं, हे मान्य. पण त्यांचं नाव पुढे करून घाई करणाऱ्यांनी आधी एवढं लिहून द्यावं: त्या मुलाच्या चाळिशीत काही निघालं, तर खर्च कोण उचलणार?